शेवाळाची नोंद

मराठीत आपण शेवाळ या एका शब्दावर भागवतो. विहिरीच्या पायऱ्यांवर असतं ते शेवाळ, पावसाळ्यात गच्चीवर पाय घसरतो ते शेवाळ, तळ्याचं पाणी हिरवं करतं तेही शेवाळच. घरात पाणवनस्पतींचा फिशटँक ठेवणाऱ्याला मात्र एवढ्यावर भागवता येत नाही. त्याला शेवाळाच्या जाती ओळखाव्या लागतात, कारण प्रत्येक जात वेगळी तक्रार घेऊन येते.

नव्या टँकमध्ये काचेवर आणि पानांवर तपकिरी पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, ते डायटम. त्याला घाबरायचं नसतं. टँक मुरला की बहुधा ते आपणहून ओसरतं. काचेवर हिरवे, कडक ठिपके पडतात, ते नखानं निघत नाहीत, ब्लेड लागतं. कधी पाणीच मुगाच्या सालीच्या रंगाचं होतं. तेव्हा लाखो एकपेशीय जीव पाण्यात तरंगत असतात. निळसर हिरवा, दमट मातीसारखा वास येणारा आणि सायीसारखा अखंड निघणारा थर आला, तर तो मुळात शेवाळ नव्हेच; ते सायनोबॅक्टेरिया. पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा प्राणवायू भरला तो यांच्याच पूर्वजांनी, त्यामुळे त्यांच्यावर फार चिडताही येत नाही. आणि सगळ्यात चिवट म्हणजे काळी दाढी. पानांच्या कडांना, लाकडाला, फिल्टरच्या नळीला काळ्या मऊ केसांचे झुपके येतात. दिसतं काळं, पण वर्गीकरणात ते लाल शेवाळ. हायड्रोजन पेरॉक्साइडचे चार थेंब लागले की मरता मरता गुलाबी होतं, तेव्हा त्याचा खरा रंग कळतो.

हा त्रास या छंदाइतकाच जुना आहे. लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञानं १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे आपला एक प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची पाणवनस्पती. मासे सोडतात ते वनस्पती घेते, वनस्पती सोडते ते मासे घेतात, असा तो हिशेब. तो काही दिवस जमला. मग व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढुळलं, काचेवर हिरवट बुळबुळीत थर आला. वॉरिंग्टननं त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकं खाऊन टाकलं आणि घडी बसली. फिशटँकच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर शेवाळ आहे, आणि ते का आलं याचं उत्तरही तिथेच आहे. पाण्यात काहीतरी शिल्लक राहत होतं.

आमचा टँक बंगळुरूच्या फ्लॅटमधल्या बैठकीच्या खोलीत आहे. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. माती आणि दगडांची जागा वजा केली तर शंभर-एकशेदहा लिटर पाणी. त्यात बारा रास्बोरा, सहा कोरिडोरास, लाकडाला बांधलेला जावा फर्न, दगडावरचं अनुबियास, मागे व्हॅलिस्नेरियाची रांग. चार वर्षं तो शांतपणे चालला होता. आठवड्याला तीस-चाळीस लिटर पाणी बदलायचं, महिन्यातून एकदा कात्री चालवायची, बस. २०२४ च्या फेब्रुवारीत अनुबियासच्या पानांना काळी कड दिसायला लागली. मार्चमध्ये दाढी लाकडावर चढली, काचेवर ठिपके दाटले आणि पाण्याला हिरवी झाक आली. तीन जाती एकदम.

शेवाळ आलं की खरवडायच्या आधी कारण शोधायचं असतं. खरवडलेलं आठवड्याभरात परत येतं. कारणं तशी मोजकीच असतात. उजेड जास्त, कार्बन डायऑक्साइड कमी किंवा कमीजास्त, पाण्याचा प्रवाह मंद, किंवा कुजणारं काहीतरी जास्त. वनस्पती जोमात असल्या की पाण्यातलं खाद्य त्या उचलतात आणि शेवाळाला फारसं उरत नाही. त्यांचं कुठेतरी अडलं की शेवाळ पुढे सरकतं.

मी एकेक दार ठोठावत गेले. दिव्याला टायमर आहे, सहा तास म्हणजे सहाच तास. पश्चिमेच्या गॅलरीतून फेब्रुवारी-मार्चमध्ये तिरपं ऊन आत येतं, म्हणून जाड पडदा लावला. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ठीक होता. पाण्यात टांगलेल्या काचेच्या फुग्यातलं द्रावण हिरवं होतं. ते निळं असेल तर वायू कमी, पिवळं असेल तर माशांना धाप लागेल इतका जास्त. फिल्टर उघडला. स्पंज नेहमीपेक्षा जड आणि काळपट होता, तो धुतला. मग संशय पाण्यावर गेला. त्या मार्चमध्ये बंगळुरूत पाण्याचे फार हाल होते. आमच्या इमारतीत कावेरीच्या पाण्याऐवजी टँकर येत होते, आणि पिण्याचं पाणी गाडी धुवायला किंवा बागेला वापरलं तर पाच हजार रुपये दंड असं जाहीर झालं होतं. माशांचं काढलेलं पाणी मी गॅलरीतल्या कढीपत्त्याला आणि तुळशीला घालायचे, एवढंच काय ते समाधान. टँकरचं पाणी तपासलं. त्यात नायट्रेट होतं, पण फॉस्फेट जवळजवळ शून्य.

मग टँकमधलं पाणी तपासलं. फॉस्फेटच्या चाचणीत पाण्यात थेंब टाकायचे आणि निळा रंग किती गडद होतो ते तक्त्यावर ताडून पाहायचं. आमच्या नळीतला रंग तक्त्यातल्या शेवटच्या चौकोनाइतका गडद झाला.

फॉस्फेट म्हणजे शेवाळ, असं सरळ समीकरण नाही. वनस्पती जोमात वाढवणारे कित्येक जण ते मुद्दाम, मोजून घालतात आणि त्यांच्या काचा लख्ख असतात. पण मी घालत नव्हते. नळाच्या पाण्यातून येत नव्हतं. माती चार वर्षांची, थकलेली. मग उरतं एकच. माशांचं खाद्य. त्यात मासळीचं पीठ असतं, मासळीत काटे असतात आणि काट्यांत फॉस्फरस. माशांनी खाल्लं तरी त्याचा मोठा वाटा विष्ठेतून पाण्यात येतो, नाही खाल्लं तर दगडांखाली कुजून येतो. बंद काचेच्या पेटीतून ते आपोआप कुठे जात नाही. मी खाद्याचा डबा पाहिला. असा एक डबा आम्हाला चार-पाच महिने पुरतो. तो महिन्याभरात तळाला गेला होता.

खाद्य घालण्याचं काम अण्णांकडे होतं.

अण्णा, माझे वडील, आई गेल्यानंतर वर्षभरानं, २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापूरहून माझ्याकडे आले. नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात गेलेली; काही वर्षं राधानगरी धरणावर होते. रोज संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर मारायची आणि पाण्याचा रंग कसा आहे ते घरी येऊन सांगायचं, हा त्यांचा नेम होता. शहराचं सांडपाणी तळ्यात शिरतं म्हणून ते तळमळायचे. बंगळुरूत त्यांना कन्नड येत नव्हतं, इमारतीत मराठी बोलणारं आमच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि रंकाळा नव्हता. टँकसमोर खुर्ची टाकून ते बसायला लागले, तेव्हा मला बरं वाटलं. सकाळी चिमूटभर खाद्य घालायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं. सकाळी साताला, एकदाच. ते वेळेचे पक्के.

एका शनिवारी मी घरी होते आणि बाहेरच्या खोलीत काही वाचत बसले होते. सात वाजता अण्णा आले, झाकण उचललं, खाद्य घातलं. मासे वर आले. अण्णा ‘या, या’ म्हणाले. पावणेआठला ते परत आले. झाकण उचललं, खाद्य घातलं, ‘या, या’ म्हणाले. सव्वानऊला आंघोळ करून, कपाळाला गंध लावून आले आणि म्हणाले, “सकाळपासून कुणी यांच्याकडं बघितलेलं दिसत नाही. बघ कशी तोंडं उघडाय लागल्यात.”

मासे कधीच सांगत नाहीत की आत्ताच खाल्लं. माणूस काचेजवळ आला की ते वर येतात आणि तोंड उघडतात, पोट भरलेलं असलं तरी. विसरायला लागलेल्या माणसासमोर ठेवायला याहून अवघड प्राणी नसेल. कुत्रं ताटात अन्न ठेवून निघून जातं, मांजर पाठ फिरवतं. मासे दर वेळी पहिल्यांदाच भेटल्यासारखे येतात.

त्या वेळेपर्यंत आम्हाला घरात दुसरं काहीच जाणवलं नव्हतं. अण्णा पेपर वाचत होते, कोल्हापूरच्या मित्रांशी फोनवर भांडत होते, पंचगंगेच्या पुराच्या पातळ्या वर्षासकट सांगत होते. औषधं सातखणी प्लास्टिकच्या डबीतून घेत होते, रोजचा खण रोज रिकामा होत होता, त्यामुळे तिथे गोंधळ दिसायला जागाच नव्हती. ज्या एका कामाला खण नव्हता, तिथेच ते निसटत होतं. आणि ते निसटणं पाण्यात साठत होतं, पानाच्या कडेवर काळं होऊन उगवत होतं.

डॉक्टरांकडे जायला अण्णा तयार झाले ते रक्तदाबाच्या निमित्तानं. तिथे त्यांना घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणून. त्यांनी मोजपट्टी मागितली. शब्द लक्षात ठेवायला दिले ते इंग्रजीत. थोड्या वेळानं विचारलं तेव्हा दोन आठवले, बाकीचे नाहीत. आजची तारीख विचारली तर त्यांनी तिथी सांगितली, आणि डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मोबाइलवर पंचांग उघडलं. तिथी बरोबर होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, सौम्य आहे, दर सहा महिन्यांनी बघू. मग त्यांनी विचारलं, इतक्या लवकर सहसा कुणी आणत नाही, तुमच्या कशावरून लक्षात आलं? फिशटँकमधल्या शेवाळावरून, असं मी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहिलं की नाही ते मला दिसलं नाही.

घरी आल्यावर दोन कामं होती. एक टँकचं, एक अण्णांचं. टँकचं सोपं होतं. वरच्या मजल्यावर एक तमिळ मुलगा राहतो, इंजिनिअरिंगला आहे, त्यालाही हाच नाद. तो म्हणाला, सकर फिश आणा, सगळं शेवाळ चाटून टाकेल. शिवाजीनगरातला माशांचा दुकानदारही तेच म्हणाला. अण्णा सोबत होते. त्यांनी आपल्या कोल्हापुरी हिंदीत आणि दुकानदारानं आपल्या दखनीत मस्त गप्पा मारल्या. पण सकर फिशला अण्णांनी साफ नकार दिला. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा, फूटभराहून मोठा होतो, मग लोक त्याला नदीत सोडून येतात, आणि आज तो उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, काट्यांनी जाळी फाडतो. खात्यातल्या माणसाला हे ठाऊक होतं. जपानच्या ताकाशी अमानो यांनी शेवाळ खाणाऱ्या ज्या लहान कोळंबीला जगभर नाव मिळवून दिलं, ती आणावी असं माझ्या मनात होतं. त्यावर अण्णा म्हणाले, “खाणारा आणलास तरी खाल्लेलं सोडणार कुठं? पाण्यातच की. आवक कमी कर आधी.”

मी त्यांना कॅनडातल्या एका तळ्याची गोष्ट सांगितली. १९७३ साली ओंटारिओमध्ये शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्या भागात तेच आणि शिवाय फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून काढलेला तो फोटो मी मोबाइलवर दाखवला. अण्णांनी तो बराच वेळ धरून ठेवला. “हा आपला रंकाळा,” हिरव्या भागावर बोट ठेवून ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “राधानगरीला बरं आहे. धरण भरलं की दारं आपोआप उघडतात. तुझ्या टाकीला तसलं दार नाही.”

आम्ही चार दिवसांचा अंधार करायचं ठरवलं. हिरव्या पाण्यावर हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. आधी निम्मं पाणी बदलायचं, दगडांखालचा गाळ नळीनं ओढून काढायचा, दाढीनं भरलेली पानं कापायची, लाकडावर पंप बंद ठेवून सिरिंजनं पेरॉक्साइड सोडायचं. मग दिवा आणि कार्बन डायऑक्साइड बंद, हवेचा पंप चालू, खाद्य नाही, आणि टँकवर जाड चादर. धडधाकट मासे चार दिवस उपाशी राहू शकतात, वनस्पतींकडे थोडी साठवण असते. तरंगणाऱ्या शेवाळाकडे ती नसते.

पहिल्या दिवशी अण्णांनी मला पाच वेळा विचारलं की टाकीवर चादर का घातलीय. मी पाच वेळा सांगितलं. सहाव्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही दिसलं की हे आपण आधी विचारलंय का, याचा त्यांना अंदाज येत नाहीये आणि तो अंदाज न येणं त्यांना कळतंय. मी म्हटलं, “अण्णा, एक सूचना लिहून द्या. कामवाल्या बाई चादर काढतील.” त्यांनी कागद घेतला आणि खात्याच्या अक्षरात लिहिलं: ‘टाकीत अंधार चालू आहे. गुरुवारी सकाळी उघडणे. तोवर खाद्य बंद.’ खाली तारीख आणि सही. कागद चादरीला टाचला. त्यानंतर ते चादरीपाशी यायचे, कागद वाचायचे आणि परत खुर्चीत जाऊन बसायचे. माझ्या सांगण्यात मी मुलगी होते. कागदावर सही त्यांची होती.

गुरुवारी चादर काढली तेव्हा पाणी स्वच्छ होतं, मागच्या काचेवरचे बुडबुडेही दिसत होते. लाकडावरची दाढी गुलाबी आणि मग पांढरी झाली होती, रास्बोरा तिला टोचत होते. आता खाद्याचं काय करायचं, हा प्रश्न होता. डबा कपाटात ठेवून कुलूप लावणं सोपं होतं. नवऱ्यानं ते सुचवलंही. पण अण्णांच्या दिवसात बंगळुरूनं ठेवलेलं ते एकच काम होतं. ते काढून घेतलं असतं तर काचा लख्ख झाल्या असत्या आणि समोरची खुर्ची रिकामी. मी औषधांच्या दुकानातून आणखी एक सातखणी डबी आणली. दर रविवारी रात्री अण्णा आणि मी मिळून सहा खणांत चिमूट चिमूट खाद्य भरतो. रविवारचा खण रिकामा, माशांना उपवास. हा उपवास अण्णांना एकदम पटला. आमच्या घरी त्यांचा शनिवार असतोच.

डबीसोबत एक वहीही आली. ती त्यांनी स्वतःच आणायला लावली, दोनशे पानी, लांबट. धरणावर पाण्याच्या पातळीची नोंद ठेवायचे तसे रकाने पेन्सिलीनं आखले: तारीख, वेळ, खाद्य, पाण्याचा रंग, शेरा, सही. आता दीड वर्ष होऊन गेलं. शेवाळ पूर्ण गेलेलं नाही, ते जातही नाही. ज्या टँकमध्ये उजेड आहे आणि जीव आहेत, तिथे ते थोडं असणारच. उजव्या काचेवर ठिपके येतात, पंधरवड्यातून एकदा अण्णा ब्लेडनं काढतात. लाकडाच्या मागच्या बाजूला दाढीचा एक झुपका आहे, तो मी राहू दिलाय. पानांच्या कडा मात्र मी रोज बघते. डॉक्टरांची तारीख सहा महिन्यांनी येते.

वहीतले शेरे मी कधी कधी रात्री वाचते. ‘पाणी स्वच्छ.’ ‘पूर्व काचेवर शेवाळ अल्प.’ ‘एक मासा दिसत नाही’, आणि त्याखाली त्याच दिवशी, ‘दिसला.’ गेल्या काही महिन्यांत एका तारखेला दोन नोंदी असलेली पानं वाढली आहेत. सात वाजता खाद्य दिले, सही. साडेआठ वाजता दुसरी ओळ, त्याच वळणदार अक्षरात: ‘खण रिकामा आढळला. खाद्य आधीच दिलेले दिसते.’ आणि खाली पुन्हा सही.